दोनदा मिटलेलं पुस्तक

आज 'द पॉपी वॉर' संपवलं. आर. एफ. क्वांग यांची ही २०१८ची कादंबरी मैत्रिणीनं आग्रहानं दिली होती. "रिन तुला आवडेल गं," म्हणाली होती. आवडलीच. लादलेलं लग्न टाळण्यासाठी परीक्षेचा अभ्यास करणारी, झोप येऊ नये म्हणून हातावर मेणबत्तीचं तापलेलं मेण ओतणारी ही अनाथ पोर पाहता पाहता आपली होऊन जाते. सिनेगार्डच्या सैनिकी शाळेतले दिवस मी अधाशासारखे वाचले.

मग युद्ध येतं. गोलिन नीस शहरातल्या कत्तलीचं प्रकरण वाचताना पुस्तक दोनदा मिटलं. ते निव्वळ कल्पित नाही, हेच सलतं. १९३७ साली जपानी सैन्यानं नानजिंगमध्ये जे केलं, त्यावरच ते बेतलेलं आहे. असं दुःख देवांच्या आणि जादूच्या गोष्टीत घालावं का? रात्रभर हा प्रश्न पाठ सोडेना. पण नानजिंगबद्दल मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, हेही खरं. आणि कादंबरीभर भरून राहिलेली ती अफू! एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात होती. ही गोष्ट मला परकी कशी म्हणता येईल?

शेवट मात्र पचला नाही. रिन एका अख्ख्या बेटाची राख करते आणि कथा पुढे सरकते. त्या मेलेल्यांसाठी आणखी चार पानं हवी होती.

उद्या मैत्रिणीला फोन करून सांगणार आहे : पुस्तक ताकदीचं आहे, पण दुसरा भाग इतक्यात देऊ नकोस.