अमृतमतीला कुणी विचारलं?



परवा म्हसरूळला गजपंथाच्या पायऱ्या उतरताना सूनबाईनं विचारलं, "आई, अमृतमती एवढी वाईट का हो?"

यशोधर राजाची कथा आपल्याला पाठ आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक'मध्ये ती संस्कृतात सांगितली, पुष्पदंतांनी 'जसहरचरिउ'मध्ये अपभ्रंशात. राणी रात्री माहुताकडे जाते, शेवटी नवऱ्याला नि सासूला जेवणातून विष घालते. आपण तिला नावं ठेवून मोकळ्या होतो.

पण मधलं पाहा. राजानं सगळं डोळ्यांनी पाहिलं, तलवारीला हात घातला, मग स्वतःला आवरलं. राणीला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. आईला खोटं स्वप्न सांगितलं, तिच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी दिला. मला वाटतं, त्या न बोललेल्या दिवसांत राणीच्या मनात भीती वाढत गेली.

तिचं पाप पापच. पण कथा राजालाही सोडत नाही. कोंबडा पिठाचा, तरी भाव हिंसेचा. म्हणून राजा मोर झाला, आई कुत्रा.

हे सांगता सांगता मीच गप्प झाले. आठ दिवस जावेशी अबोला होता, एकाच ओट्यावर. पाणी गाळते, पीठ चाळते, आणि राग तसाच कणकेत मळते!

घरी आल्यावर दिवस मावळायच्या आत दोन कप चहा टाकला. म्हटलं, "बस गं. तुला काय लागलं, ते सांग."

ती आधी रडली, मग बोलली.