नावाची घाई

खाऱ्या पाण्याची टाकी हौसेने सांभाळणारे लोक आता छत्रपती संभाजीनगरातही भेटतात. समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब. पाणी आरओचे, मीठ पाकिटातले, क्षारता लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास राखलेली. अशा टाकीत रात्री दिवा मालवल्यावर दगडाच्या फटीतून काहीतरी वळवळत बाहेर येते आणि माझ्या मोबाइलवर व्हिडिओ पडतो : “सर, हे काय आहे? मारू का?” मी प्राणिशास्त्राचा माणूस, त्यातही कृमींचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच दुसरा विचारला जातो, हे मला खटकते.

मी उलट विचारतो, “दगड कुठून आणला?” पाकिटातल्या मिठातून कृमी येत नाहीत, ते येतात सच्छिद्र ‘लाइव्ह रॉक’मधून, म्हणजे बहुधा जुन्या प्रवाळांच्या सांगाड्याच्या दगडातून. इथे बरेच जण अडखळतात. कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे, त्यामुळे दगडाच्या मुळाबद्दल दुकानात कोणी फारसे बोलत नाही. पण दगडाचा समुद्र बदलला की संभाव्य जातींची यादीही बदलते.

मग पाहायचे, की हा कृमीच आहे का. काचेवरची पांढरी, काही मिलिमीटरची वेटोळी म्हणजे स्पायरोर्बिस गटातले नळीकृमी. ते कोणाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासारखीच, पण मोठी नळी दगडाला चिकटलेली असेल आणि तिच्यातून चिकट धागे पाण्यात पसरत असतील, तर आत व्हर्मेटिड गोगलगाय असते. नळीकृमी तोंडापाशी संस्पर्शकांचा तुरा उघडतो. गोगलगाईला तो नसतो.

लांबट अंगाच्या दोन्ही कडांना राठ केसांचे झुबके दिसले, की लोक ‘ब्रिसल वर्म’ म्हणून मोकळे होतात. मी डोके नीट दाखवा म्हणतो. डोक्यामागे मांसल उंचवटा आणि पांढरे, ठिसूळ, चुनखडीचे केस असतील तर तो अँफिनोमिड, म्हणजे ‘फायरवर्म’चे कुळ. केस बोटात मोडून बसतात आणि आग होते, म्हणून चिमटा वापरावा. पण टाकीत तो उरलेसुरले अन्न खाऊन सफाईच करतो. डोक्यावर पाच बोटांसारखी उपांगे आणि आत भक्कम जबडे असतील तर मात्र तो युनिसिड. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूक्वे इथल्या मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जात होते, मासे जखमी होत होते. मांडणी उलगडल्यावर सुमारे 4 फुटांचा युनिसिड निघाला. अशाला वेगळे ठेवावेच लागते.

इतके पाहूनही कुळच कळते, जात नाही. 1766 मध्ये पलास यांनी वर्णिलेली ‘युरिथो कॉम्प्लॅनाटा’ ही फायरवर्मची जात जगभर पसरलेली मानली जाई. 2010 मधल्या अभ्यासात त्या एका नावाखाली निदान तीन जाती निघाल्या.

कधी अनोळखी कृमी खरोखरच नवा असतो. ‘कॉन्व्होल्युट्रिलोबा मॅक्रोपायगा’ ही जात 2007 मध्ये उष्णकटिबंधीय मत्स्यटाक्यांत सापडलेल्या जिवांवरूनच वर्णिली गेली. त्याआधी, 1934 मध्ये, डॉल्फस यांनी फ्रान्समधल्या व्हॅन्सेन इथल्या मत्स्यालयातल्या फायटर माशाच्या पोटातून पट्टकृमी काढला आणि ‘सेंगा’ ही प्रजाती स्थापली. तिचा धागा आमच्या शहरापर्यंत येतो. मराठवाडा विद्यापीठात माशांच्या पट्टकृमींवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले. 1980 मध्ये जाधव आणि शिंदे यांनी वाम माशातल्या एका कृमीला ‘सेंगा औरंगाबादेन्सिस’ हे नाव दिले.

देशभरात अशी नावे भराभर वाढली, आणि त्यांतली अनेक आज वादात आहेत. ‘गंगेशिया’ या गोड्या पाण्यातल्या माशांच्या पट्टकृमींचा 2012 मध्ये फेरआढावा घेतला गेला, तेव्हा 48 नावांपैकी फक्त 4 ग्राह्य ठरली. आकसलेल्या, नीट न टिकवलेल्या नमुन्यावर मापे घेतली, की प्रत्येक जंत वेगळा भासतो. मूळ नमुना संग्रहालयात नसेल, तर ते तपासायलाही वाव उरत नाही. टाकीवाला नाव न कळताच औषध ओततो, संशोधक पुरते न पाहताच नवे नाव ठेवतो. घाई दोघांची एकाच जातीची. औषधाने सगळे कृमी एकदम मेले, की ते सडून अमोनिया चढतो आणि मासे जातात. घाईच्या नावांचा गुंता सोडवण्यात पुढच्या संशोधकांची वर्षे जातात.

म्हणून माझे सांगणे साधे असते. डोके आणि कडा स्पष्ट दिसतील असे फोटो काढा. कृमी काढावाच लागला तर टाकीचेच पाणी घेऊन त्यात थोडे थोडे मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण घाला. तो सैल, लांब पडेल. मग शरीररचनेसाठी एक नमुना फॉर्मॅलिनमध्ये, डीएनएसाठी दुसरा 95 टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिन घरी हाताळू नका, ते कॉलेजच्या प्रयोगशाळेचे काम. आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी : तारीख, टाकी, दगड कुठला. चिठ्ठी नसलेला कृमी कितीही देखणा असला, तरी मी त्याला नाव देत नाही.