सामाजिक विज्ञान घ्यायचं की सोडायचं?

मंडळी, आमची थोरली घरीच शिकते. यंदा एनआयओएसमधून दहावीचा फॉर्म भरायचाय. तिथे पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. बाकी सक्ती नाही. सामाजिक विज्ञान सोडून गृहविज्ञान, डेटा एंट्री घेता येतं. ओळखीतल्या पालकांचा सल्लाही तोच: सनावळ्या कशाला घोकायच्या, मार्क बघा.

मला नाही पटत. शाळेतल्या पोरांच्या कानावर वर्गात चार घरांची चार मतं पडतात. (नागरिकशास्त्राचा तास पीटीला गेला नाही तर!) घरी शिकणाऱ्या मुलीला ऐकू येतं ते फक्त आई-बापाचं राजकारण. आणि ती पंधराची आहे, तीन वर्षांत मतदार होईल.

पुस्तकातली ग्रामसभा वाचून झाली, तेव्हा 2 ऑक्टोबरला तिला खऱ्या ग्रामसभेला नेलं. कायद्याने वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. विषयपत्रिका भराभर वाचली गेली, सगळं 'मंजूर, मंजूर'. बाईसाहेब मात्र हजेरीवही बघत बसलेल्या. सह्या शंभरावर, माणसं जेमतेम चाळीस. मोठ्याने विचारते, "आई, कोरम असाच भरतात का गं?" उत्तर माझ्याकडे होतं, पण सरपंच शेजारीच बसले होते. घरी आल्यावर बोललो, बराच वेळ.

तर विषय ठरले: मराठी, इंग्रजी, गणित, सामाजिक विज्ञान आणि तिच्या हट्टाची चित्रकला. जाऊबाई विचारतात, नापास झाली तर? पाच वर्षांत नऊ संधी असतात हो!