पाठ तुमची, हात माझे

इंग्लंडमध्ये मुलाकडे आलेल्या काकू माझ्याकडे येतात तेव्हा पिशवीतून आधी एमआरआयची फाइल निघते. "मणक्यात गॅप आहे म्हणे. तेवढा बसवून द्या." फाइल मी बघतेच. पण काकू खुर्चीवरून कशा उठल्या, बूट काढायला वाकल्या की टाच दुसऱ्या पायाने ढकलली, हे मी त्याआधीच टिपलेलं असतं. ऑस्टिओपथीची, म्हणजे आमच्या हातांच्या उपचाराची, तपासणी दारापासून सुरू होते.

पहिल्या भेटीचा बराच वेळ विचारपूस करण्यात जातो. दुखतेय कंबर आणि ही बाई विचारतेय झोप, बाळंतपणं, जुनं पडणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या! 'हात कधी लावणार?' हा प्रश्न चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. पण हात लावायचा की नाही, हे ठरतं ते याच उत्तरांवरून. लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर माझ्या टेबलावर झोपायचंच नाही, तडक इस्पितळ गाठायचं. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन विनाकारण घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर आधी डॉक्टर, मग मी.

तपासताना पाठ दिसावी लागते. संकोच वाटला तर सांगा. सैल कपड्यांवरही काम भागतं, सोबतीला घरचं माणूस बसू शकतं. मानेला झटका देण्यात रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो, फार क्वचित, पण असतो. तो न सांगता जो मानेला हात घालेल, त्याच्याकडे जाऊ नका. तुम्ही 'नको' म्हणालात तर सौम्य रीतीही आहेत.

प्रत्यक्ष उपचार बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल. बरगड्यांवर तळवा ठेवून मी श्वास घ्यायला सांगते. दुखऱ्या बाजूच्या बरगड्या जेमतेम हलतात, माणूस नकळत श्वास राखून धरतो. कण्यालगतचा स्नायू बोटांना ओल्या सुंभासारखा लागतो. तिथे मी रगडत नाही. हाताचं वजन टाकते आणि थांबते. काही श्वासांनंतर तो सैल पडू लागतो आणि बरगड्या हलायला लागतात. कधी सांध्यातून 'कट्' आवाज येतो आणि लोक खूश होतात, बसलं एकदाचं! तो आवाज सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार झाल्याचा. मणका मुळात सरकलेलाच नव्हता, त्यामुळे बसवण्याचा प्रश्न येत नाही. आवाज आला नाही म्हणून पैसे वाया गेले, असंही नाही. पुढचा दिवस-दोन दिवस अंग ठणकलं तर घाबरू नका.

या विद्येचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकन वैद्य. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने घरातली मुलं दगावली आणि त्या काळच्या औषधांवरून त्याचं मन उडालं. १८७४ मध्ये त्याने ही पद्धत मांडली, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला शाळा काढली. शरीराची चौकट मोकळी केली की बहुतेक रोग हटतील, अशी त्याची श्रद्धा होती. तो दावा मी करत नाही. दमा किंवा मधुमेह हातांनी बरा करतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पुरावा आहे तो मुख्यतः कंबरदुखीसाठी, तोही माफक. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हातांच्या उपचाराला जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीनेच. अमेरिकेत ऑस्टिओपथीची पदवी घेतलेले पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये आमचं काम मुख्यतः हातांचं, आणि १९९३ च्या कायद्याने नोंदणीशिवाय 'ऑस्टिओपॅथ' अशी पाटी लावता येत नाही. तुम्ही कुठेही असा, समोरच्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नका.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीत होती. पुष्कळांना उतार पडे, कारण बहुतेक उसण काही दिवसांत आपली आपण उतरते. माझ्या यशातही त्या उताराचा वाटा मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. मग हात कशासाठी? दुखणाऱ्याला 'वाकलो तर मोडेन' ही धास्ती बसलेली असते. तो वाकणं सोडतो, पाठ आणखी आखडते, धास्ती वाढते. हातांनी थोडं मोकळं वाटलं की त्या तासाभरात मी त्याला वाकायला लावते, वजन उचलायला लावते, जिना चढायला लावते. माझा खरा उपचार तो. घरी ते रोज केलं नाही तर टेबलावरचा आराम आठवडाभरही टिकत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: किती वेळा यावं लागेल, फरक कशावरून कळेल, नाही पडला तर पुढे काय? तीन-चार भेटींनंतरही काहीच हललं नाही, तर मी स्वतः दुसरा रस्ता सुचवायला हवा. आणि बरं वाटल्यावर कुणी 'दर महिन्याला सर्व्हिसिंगला येऊ ना?' म्हणालं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: तेवढ्या पैशांत चालायचे चांगले बूट घ्या.