जेवल्यावरची दहा मिनिटं

शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. हिवाळ्यात ते सोपं होतं. आझाद मैदानात पहाटे ओळखीचे लोक भेटतात, कापसाच्या भावावर बोलता बोलता फेऱ्या होऊन जातात. पण एप्रिल लागला की आमच्या यवतमाळात सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. त्यात लग्नसराई, जागरणं. मैदान सुटलं.

"मैदान नाही तर नाही, जेवल्यावर गल्लीत तरी फिरा न," बायको म्हणाली. तिच्या माहेरी शतपावलीशिवाय कोणी अंथरुणाला पाठ लावत नसे. मला हे मनाचं समाधान वाटायचं. पण ग्लुकोमीटर घरात होताच. पिठलं-भाकरी आणि वर भात, असं रात्रीचं जेवण. त्यानंतर बसून राहिलो तर दोन तासांनी आकडा दोनशेच्या पुढे. तेच जेवण, आणि उठून दहा मिनिटं चाललो, की एकशे सत्तरच्या आसपास. पुन्हा पुन्हा बोट टोचून पाहिलं, फरक राहिलाच.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांना नवल वाटलं नाही. जेवणातली साखर रक्तात उतरत असते, त्याच वेळी चालणारे स्नायू ती इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ साली टाइप-२ मधुमेहींवर हेच तपासलं होतं. दिवसातून एकदा, कधीही, सलग तीस मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी वाढली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये 'सलग किमान दहा मिनिटं' ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याची दीडशे ते तीनशे मिनिटं भरली पाहिजेत, तुकड्यातुकड्यांनी का होईना.

म्हणून मैदान मोडीत काढायचं असं नाही. छातीचा दम वाढतो तो मला तरी लांब, झपझप चालण्यानेच, आणि कापसाच्या भावाच्या गप्पा गल्लीत होत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे सुरू करावं.

अडचण उरते मे महिन्यातल्या दुपारची. बाहेर पंचेचाळीस अंश, म्हणून स्वयंपाकघर ते ओसरी अशा माझ्या येरझारा चालतात.

"फिरताच आहात तर कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाका," आतून आवाज येतो.