लंडनच्या वहीत औशाचे नाव

विलायत म्हणजे बड्या लोकांचे काम, असेच आम्हा औसेकर कष्टकऱ्यांना वाटायचे. आमचे मालक लातूरच्या अडत बाजारात हमाली करायचे. पण धाकटी लेक नर्सिंग शिकली, इंग्लंडातल्या दवाखान्यात लागली आणि तिच्या बाळंतपणासाठी मला पासपोर्ट काढावा लागला. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सुट्टी असते. नातू चार महिन्यांचा झाला होता. शनिवार-रविवार जोडून जावई म्हणाले, "मामी, चला लंडन बघू."

पहिल्या दिवशी राजवाडा पाहिला, मधोमध उघडणारा नदीवरचा पूल पाहिला. ब्रिटिश म्युझियम बघायला पैसे लागले नाहीत. तिथे आंध्रातल्या अमरावती स्तूपाचे कोरीव दगड दिसले आणि हात आपोआप जोडले गेले. याच म्युझियमच्या ग्रंथालयात बाबासाहेब सकाळी जाऊन बसत ते बंद होईपर्यंत उठत नसत.

दुसऱ्या दिवशी चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत १०, किंग हेन्रीज रोड गाठले. रांगेतले उंच घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले होते. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२२ ला बॅरिस्टर झाले, १९२३ ला डी.एस्सी. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत काढलेल्या कॉलेजात आमचे थोरले दीर शिकले. म्हणजे या घरातला दिवा आमच्या औशापर्यंत पोचला.

महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली घेतले. संग्रहालयाला शेजारच्या काहींनी हरकत घेतली, नगरपालिकेने परवानगी नाकारली. शेवटी २०२० मध्ये तिथल्या सरकारने ती दिली.

आत फिरताना रमाई डोळ्यांपुढे आली. तिने लंडन कधी पाहिले नाही. मुंबईत उपासतापास काढून संसार सांभाळला आणि १९३५ साली गेली. मनात म्हटले, आई, तुझ्या वाटचे मी बघते.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही समोर आली. लेकीने पेन घेतले आणि थांबली. त्याचे कारण मला ठाऊक होते. ती राहते तिथल्या मराठी मंडळींत एका बाईने तिला आडनाव विचारले, मग गाव, मग गल्ली. त्यानंतर हळदीकुंकवाची, वाढदिवसाची बोलावणी बंद झाली. तेव्हापासून पोरगी आडनाव सांगेना.

"आई, नुसतं नाव लिहू?"

मी म्हटले, "तुझ्या बापानं पाठीवर पोती वाहिली, पण नाव कधी अर्धं सांगितलं नाही."

तिने लिहिले. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव. खाली मु. पो. औसा, जि. लातूर. हात जरा थरथरत होता, पण अक्षर ठसठशीत आले.

भगिनींनो, आपली लेकरे आता पुण्या-मुंबईला, परदेशाला जाऊ लागली आहेत. पगार किती, घर केवढे, हे आपण फोनवर विचारतोच. एकदा हेही विचारा : बाळा, तिथे पूर्ण नाव सांगतोस ना? आणि तो गप्प राहिला तर रागावू नका. त्याला बोलू द्या. त्या गप्प बसण्यामागे कुणीतरी विचारलेला प्रश्न असतो.