नानामामांची मोजणी

आजाऱ्याच्या समाचाराला येणारी मंडळी पूर्वी 'झोप लागते का? चार घास जातात का?' असे विचारीत. हल्ली ती दारात चपला काढता काढताच विचारतात, "कितवी स्टेज?" नानामामांना जठराचा कर्करोग झाल्याचे कळले, त्या आठवड्यात हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची गणती नाही. मराठी शिकवणारा माणूस असल्यामुळे मी मनातल्या मनात 'स्टेज'च्या जागी 'टप्पा' हा शब्द घालून पाहिला. टप्पा म्हटले की मला एसटीचे तिकीट आठवते. पण तेही फारसे चुकीचे नव्हते. गाडी कुठवर आली, एवढेच त्या प्रश्नात विचारलेले असते; फक्त ते सांगायला कंडक्टर नसतो.

नानामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. राहणार वाई. सरकारी मोजणीदार म्हणून त्यांची उभी हयात साखळी, नकाशे आणि बांधावरून भांडणारे भाऊबंद यांत गेली. त्यामुळे बोलणे मोजके, आणि कुणी घाई करू लागला की त्याच्याकडे चष्म्यावरून पाहण्याची सवय. २०२३ चे गणपती झाल्यावर ते पुण्याला आमच्याकडे आले ते खंगूनच. सहा महिने 'पित्त आहे' म्हणून गोळ्या घेत होते. शौचाला काळे होत होते, हेही त्यांनी मामींना सांगितले नव्हते. हिमोग्लोबिन सातावर आलेले. दुर्बिणीतून जठर पाहिले, तुकडा तपासायला गेला, आणि पाचव्या दिवशी तो कागद माझ्या हाती आला.

आमच्या घराण्याचे रोगाविषयीचे तत्त्वज्ञान फार सोपे आहे : नको ती वस्तू अंगात शिरली आहे ना, मग काढून टाका! सर्जन मात्र चाकूचे नावच काढीना. त्याने मामांचे पोट चाचपले, मग डाव्या गळपट्टीच्या हाडावरची खाच बोटांनी दाबून पाहिली. पोटातला रोग कधी कधी त्या गाठीत येऊन आपली ओळख देतो, हे मला मागाहून कळले. तेथे काही लागले नाही. "आधी सीटी स्कॅन," तो म्हणाला.

सीटीच्या दिवशी मामांना उपाशीपोटी नेले आणि तेथे पोटभर पाणी प्यायला लावले. रिकाम्या जठराच्या घड्या पडतात, आणि घडी फोटोत गाठीसारखी दिसू शकते. पाण्याने जठर फुगले म्हणजे भिंत कुठे खरोखर जाड आहे ते समजते. शिरेतून औषध टोचले तेव्हा "अंगातून गरम पाणी फिरवल्यासारखे वाटले" एवढाच मामांचा अभिप्राय. घरी आल्यावर त्यांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ते फिल्मच्या कडेकडे पाहत होते. "स्केल कुठाय?" कडेला सेंटिमीटरची बारीक पट्टी होती. ती सापडल्यावर त्यांना बरे वाटले.

त्या रात्री मी पुष्कळ वाचले. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्नात बिलरोथ या सर्जनने जठराचा रोगट भाग कापून काढला, आणि रोगी बाई त्यातून उठली. अशा ऑपरेशनचे जगातले ते पहिले यश. पण चारेक महिन्यांत त्या बाई गेल्याच, कारण रोग पोटात इतरत्र पसरला होता. बिलरोथचा हात अचूक होता, पण आत डोकावायला त्याच्यापाशी काहीच नव्हते. क्ष-किरणसुद्धा १८९५ साली सापडले. ते वाचूनही मी शहाणा झालो नाही, हे पुढे येईलच.

सर्जनने आम्हाला कागदावर भिंत काढून दाखवली. जठराची भिंत पदरापदरांची असते. रोग आतल्या अस्तरातून निघतो आणि स्नायूचा पदर ओलांडून बाहेरच्या पातळ आवरणापर्यंत जातो. तो किती खोल गेला ही पहिली मोजणी. आसपासच्या किती गाठींत गेला ही दुसरी. आणि दूर कुठे घर केले का, ही तिसरी. मामांची भिंत खालच्या तोंडाशी जाड झाली होती, बाहेरची कडाही जरा फाटल्यासारखी. तीन गाठी संशयास्पद. यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ. "तीन गाठी म्हणजे तीनच का?" मी विचारले. तर तसेही नाही म्हणे. सुजेनेही गाठ मोठी दिसते, आणि लहान दिसणाऱ्या गाठीतही रोग लपलेला असू शकतो. फोटोच्या या लबाडीचा मला राग आला.

बंगळूरहून मामांच्या मुलाचा फोन आला, "पेट स्कॅन करून घ्या." मामी म्हणाल्या, "अगोबाई, पोटाचा परवाच झाला ना? आता पुन्हा पेटाचा कशाला?" त्या दिवसांत आम्ही सगळे एकदाच हसलो ते तेव्हा. पेटमध्ये रोगाच्या पेशी साखर शोषून उजळतात, पण जठराच्या कर्करोगाच्या काही जाती ती फारशी शोषत नाहीत आणि अंधारातच राहतात. मामांचा रोग त्यांपैकीच होता. सर्जन म्हणाला, "मला पोटात दुर्बीण घालून स्वतः पाहायचे आहे."

येथे मी बिथरलो. आता पुन्हा भूल, पुन्हा भोके! सीटीत यकृत स्वच्छ आहे, मग कशासाठी? कुणाच्या तरी ओळखीने मी दुसरा सर्जन गाठला. तो म्हणाला, "गुरुवारी सकाळी घेऊन या, काढून टाकू." इतके गोड वाक्य मी कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. चिठ्ठी घेऊन घरी आलो आणि विजयी मुद्रेने ती मामांपुढे ठेवली.

मामांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. "मास्तर, नकाशावर हद्द सरळच दिसते. बांध कुठे सरकलाय ते जागेवर गेल्याशिवाय नाही कळत. मी अशी पुष्कळ शेतं पाहिलीत."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. सदुसष्ट वर्षांच्या आजारी माणसावर रुसणारा प्राध्यापक, असे माझे तेव्हाचे चित्र आहे.

दुर्बिणीने पाहिले तेव्हा उजवीकडे, यकृताच्या वर, पोटाच्या आतल्या अस्तरावर मोहरीएवढे चार पांढरे दाणे दिसले. सीटीला इतके बारीक बहुधा दिसत नाही. दाणे तपासले, रोगाचेच निघाले. पोट धुऊन काढलेल्या पाण्यातही त्याच पेशी सापडल्या. सर्जनने मला बाजूला घेऊन सांगितले की आता जठर काढून उपयोग नाही. रक्त थांबेना किंवा अन्नाची वाटच बंद झाली तर गोष्ट वेगळी. पण एरवी जठर काढले तरी दाणे तिथेच राहणार, आणि मोठ्या ऑपरेशनमधून सावरेपर्यंत औषधे थांबणार. औषधेही मुळासकट काढणारी नव्हती, थोपवून धरणारी होती. हे त्याने लपवले नाही. मामांनी विचारले तेव्हा त्यांनाही नीट सांगितले. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

पुढचे महिने केमोथेरपीच्या फेऱ्यांनी मोजले गेले. केस गेले, हातापायांना मुंग्या आल्या, दोनदा ताप येऊन दवाखान्यात राहावे लागले. पण मधल्या बऱ्या आठवड्यांत मामा वाईला जात. जठर जागेवर असल्यामुळे थोडे थोडे का होईना, मामींच्या हातचे खात. मेणवलीच्या घाटावर तासन् तास बसत. भाऊबंदांतला एक जुना बांध त्यांनी स्वतः उभे राहून मोजून दिला. साखळी धरायला मी होतो, आणि मी ती वाकडी धरतो म्हणून शिव्याही खाल्ल्या.

जानेवारी २०२५ मध्ये ते गेले.

त्याआधीची दिवाळी आम्ही सगळ्यांनी वाईलाच केली होती. पाडव्याच्या सकाळी मामा शाल पांघरून अंगणात उन्हाला बसले होते. मामींनी बशीत अर्धी करंजी आणून दिली. तिचे दोन बारीक घास त्यांनी सावकाश चावले, आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहत विचारले, "काय मास्तर, तो तुमचा गुरुवारवाला डॉक्टर पुन्हा भेटला की नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"चिठ्ठी टाकली का?"

ती माझ्या पाकिटातच होती. मी काढून दाखवली. मामांनी हात पुढे केला, चिठ्ठी उलटी केली, पाठीमागची कोरी बाजू पाहिली, आणि खिशातली पेन्सिल काढून त्या नव्या बांधाचे माप त्यावर लिहून घेतले.